घाटाखालची हवा

२४ नोव्हेंबर
घाटाखाली, जि. धार

श्री. प्रणव यांस,

आधी अण्णांना नमस्कार, कारण हे पत्र तेच वाचून दाखवणार. तुमची शाळा सगळी हिंदीत झाली, मराठी ओळ वाचताना तुम्ही दुसऱ्याच शब्दावर कंटाळता हे मला ठाऊक आहे. तरी मराठीतच लिहिते. तुमच्या वडिलांच्या कानावर हे जायलाच हवं. फोनवर मी ओरडते आणि तुम्ही गप्प होता. तुमच्या गप्प बसण्यापायीच मी दीड वर्षापूर्वी घर सोडलं, ते आता उगाळत नाही.

आपल्या चिऊला दिवाळीत देवासला तुमच्याकडे पाठवलं ती धडधाकट होती. परत आली आणि खोकला सुरू झाला. वाटलं, फटाक्यांचा धूर असेल. पण धूर विरला, खोकला विरला नाही. आता दप्तर घेऊन पळाली तरी धाप लागते, आणि झोपेत छातीतून मांजरीच्या पिल्लासारखा बारीक आवाज येतो.

धारला डॉक्टर इरावतींना दाखवलं. लहान मुलांच्या डॉक्टर आहेत, शांत बाई. दमा म्हणाल्या, पंप दिला. मग विचारलं, "घरात कुणी बिडी ओढतं? चुलीचा धूर? वडील काय करतात?" मी सांगितलं, देवासला बायपासजवळ ट्रक-बसच्या ब्रेकचं दुकान, खाली दुकान आणि वर घर. त्या लिहिता लिहिता थांबल्या.

"ब्रेकचा पट्टा झिजतो तो जातो कुठे?" त्या म्हणाल्या. "पीठ होऊन हवेत. त्यात लोखंड, तांबं, आणखी कितीतरी. दिसते ती धूळ नाकात अडकते. न दिसणारी फुप्फुसाच्या तळाशी जाते आणि तिथे सूज आणते. दम्याच्या मुलीला ती नकोच. जुन्या पट्ट्यांत एस्बेस्टस असतं, त्याचं दुखणं तर वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतं."

म्हणून स्पष्ट लिहिते. ब्रेकचा ड्रम उघडला की तुम्ही आणि भूपेंद्र भिया कंप्रेसरची हवा मारता आणि काळा ढग जिन्यातून वर येतो, ते बंद करा. कोरडा झाडूही नको. आधी ओलं करायचं, मग ओल्या फडक्यानं पुसायचं. दुकानाचे कपडे वर आणायचे नाहीत, ते वेगळे धुवायचे. हात धुतल्याशिवाय खाली चहासुद्धा नाही. आणि ते कपडे अंगावर असताना चिऊला उचलायचं नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. ती जिना उतरून धावत येते आणि तुम्ही काळ्या हातांनीच तिला खांद्यावर घेता, हे मी वरून कितीदा पाहिलंय. तरी लिहिते. हे होत नाही तोवर चिऊ देवासला येणार नाही.

इकडे सगळं बरं आहे. दसऱ्याआधी सळयांचा ट्रक ब्रेक फेल होऊन आमच्या समोरच्या पंक्चरवाल्याच्या टपरीत घुसला, तो बिचारा जागीच गेला. अण्णांनी पेपरात वाचलं असेल. मग गावानं रस्ता अडवला, आणि मालनमावशीच्या हॉटेलासमोर, म्हणजे मी आणि चिऊ राहतो त्या दारातच, ओळीनं स्पीड ब्रेकर बसले. मावशीनं पेढे वाटले. आता घाट उतरून आलेला प्रत्येक ट्रक आमच्या दारात दम खातो, मगच पुढे जातो. मोहनखेड्याच्या तीर्थाला जाणाऱ्या बसही थांबतात, चहा दुप्पट खपतो. चिऊला रस्ता ओलांडायची भीती राहिली नाही.

विद्युल्लता

१७ डिसेंबर

श्री. प्रणव यांस,

अण्णांच्या हातचं तुमचं उत्तर मिळालं. त्यांनी तुमचं बोलणं जसंच्या तसं उतरवलंय, त्यामुळे आवाजच ऐकू आला: "डब्बे पे साफ लिखा है, एस्बेस्टस-फ्री. डॉक्टरीणबाईंना म्हणावं दुकानात येऊन बघा. भूपेंद्र भिया बीस साल से हवा मार रहे, उनको तो कुछ नी हुआ."

तुमच्या भागीदाराला काही झालं नाही? भूपेंद्र भिया सकाळी शटर वर करून खोकायला लागले की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडतात. ते बिडीवर ढकलतात. आपण सगळे बिडीवर ढकलत होतो.

डब्यावर लिहिलंय ते खरं धरू. पण ते नव्या पट्ट्याचं झालं. तुम्ही खोलता तो जुना, झिजलेला पट्टा कुणी कुठे बसवला, त्याच्या डब्यावर काय होतं, कुणाला माहीत? आणि एस्बेस्टस नसलं म्हणून धुळीची पिठीसाखर होत नाही. मी डॉक्टर इरावतींना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, घरचा व्हॅक्यूमही चालत नाही, बारीक धूळ मागच्या बाजूनं परत हवेत सोडतो. त्यासाठी खास बारीक फिल्टरचं मशीन लागतं. ते नसेल तर पाणी आणि फडकं. तेवढं तर देवासात मिळतं.

चिऊच्या ताब्यासाठी वकिलाची नोटीस पाठवणार म्हणता, पाठवा. जजसाहेबांसमोर मी चिऊचा पंप ठेवीन.

चिऊचं तसंच आहे. थंडीमुळे थोडं वाढलंय. थंडीच असणार.

मावशीच्या मुगाच्या वड्या यंदा काळ्या पडल्या. अंगणात धुतलेल्या पांढऱ्या कापडावर घातल्या होत्या, संध्याकाळी त्यांच्यावर काजळी धरल्यासारखी झाली. पाण्याच्या माठावरचं झाकणही रोज पुसावं लागतं. मी म्हटलं, मावशी, हे आधी नव्हतं. ती म्हणाली, "रस्त्याची धूळ गो ती. रस्ताच आपल्याला जेवू घालतो, मग थोडी माती ताटात यायचीच." मावशीला उलट उत्तर देता येत नाही. घर सोडून पिशवी आणि चिऊला घेऊन तिच्या दारात उभी राहिले तेव्हा तिनं एकच प्रश्न विचारला होता, जेवलात का.

अण्णांनी पत्राखाली स्वतःची ओळ लिहिलीय, की नात दिसत नाही तर घर खायला उठतं. त्या ओळीसाठी संक्रांतीला पाठवीन. पण मी सांगितलं तसं झालं असेल तरच. अण्णा, तुमच्या शब्दावर पाठवतेय, यांच्या नाही.

विद्युल्लता

२८ जानेवारी

श्री. प्रणव यांस,

चिऊला भूपेंद्र भिया सोडून गेले. गालांवर तकाकी होती. देवासच्या टेकडीवर देवीच्या पायऱ्या न थांबता चढली म्हणे. मी विश्वास ठेवला नाही.

दुकानाचं तिनं सगळं सांगितलं. घमेल्यात साबणाचं पाणी असतं, ड्रमवर ते मारतात, पुसलेली फडकी झाकणाच्या डब्यात जातात. हवेची नळी आता फक्त टायरला. आणि पप्पा अंगणातल्या नळावर आंघोळ करूनच वर येतात. "पप्पा गीले बाल लेके खाना खाते, ठंड में भी!" असं म्हणून ती खूप हसली. मलाही हसू आलं. अण्णा, हे वाक्य मोठ्यानं वाचलं नाहीत तरी चालेल.

पण इथे येऊन आठवडा झाला नाही तोच पुन्हा धाप. म्हणजे तिकडून काहीतरी राहतंय. अंथरुणं झटकली का? जिन्याचा कठडा पुसला का? ती धूळ अंगात भिनून राहत असणार, आणि इथे आल्यावर बाहेर पडत असणार. होळीला पाठवणार नाही.

ती म्हणते, "आई, वहाँ पे पंप लगा ही नी." मुलं काहीही बोलतात.

इथे दुपारनंतर ट्रकांची रांग लागते. घाट उतरून त्यांचे ब्रेक तापलेले असतात, हॉटेलात जळका वास भरतो. वास निघून जावा म्हणून मी रस्त्याकडच्या खिडक्या उघडून ठेवते.

विद्युल्लता

२१ फेब्रुवारी
धार

प्रणव,

हे पत्र अण्णांना देऊ नकोस. मोठी आणि सुटी अक्षरं काढली आहेत, तुला वाचता येतील. सावकाश वाच. अण्णांसमोर म्हणून अहो-जाहो लिहीत होते, आज ते जमणार नाही.

आधी हे, की चिऊ आता बरी आहे. हे वाचून झालं की मगच पुढे वाच.

परवा ती शाळेतून आली आणि बाहेरच्या टेबलावर अभ्यासाला बसली. रोजची जागा आहे तिची, तिथून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या दिसतात. घाट उतरून सिमेंटचा एक ट्रक आला, त्याच्या मागच्या चाकांतून धूर येत होता. ड्रायव्हरनं आमच्या दारातच गाडी थांबवली. दुसरीकडे कुठे थांबवणार? धूर सरळ आत आला. लोक पाण्याच्या बादल्या घेऊन धावले, मीही धावले. मागून मावशी ओरडली, "विदू, पोरीचे ओठ बघ गो!"

ओठ निळे होते. पंप दिला, पुन्हा दिला, तिला तो आत ओढताच येईना. गळ्याखाली खळगा पडत होता, प्रत्येक श्वासाला. तिला रडायलाही हवा पुरत नव्हती. जीपमध्ये घालून धामनोदच्या दवाखान्यात नेलं, तिथून ऑक्सिजन लावून धारला.

तुला फोन केला नाही. का, तेही सांगते. मनात एकच होतं, की मी फोन करीन आणि तू विचारशील, तिकडे कशी काय बिघडली?

ते डॉक्टर इरावतींनी विचारलं. "वडिलांकडे जाऊन आली का?" मी हो म्हणणारच होते, प्रणव. तोंड उघडलं होतं. चिऊनं नाकावरचा मास्क उचलला आणि म्हणाली, "नाही. मी तर संक्रांतीपासून इकडेच आहे."

"मग घरी बसतेस कुठे तू?"

"घरातच," मी म्हटलं.

"बाहर वाली टेबल पे," चिऊ म्हणाली. "जहाँ ट्रक रुकते."

डॉक्टरांनी मला बाहेर नेलं. स्पीड ब्रेकर कधी बसले, ते विचारलं. खोकला कधी सुरू झाला ते त्यांच्याकडे लिहिलेलंच होतं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "तुमचे यजमान ब्रेक उघडतात. पण ते झिजतात तुमच्या दारात."

आज कपडे आणायला हॉटेलावर गेले होते. चिऊच्या दप्तरात शाळेचं लोहचुंबक होतं, ते तिच्या टेबलावरून फिरवलं. मग खिडकीच्या कडेवरून. काढून बघते तर त्याला काळी दाढी आली होती, मऊ, बारीक केसांची. फुंकर मारायला गेले आणि तोंड मिटून घेतलं. सगळं ब्रेकचंच असेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. डिझेलचा धूर असतो, टायरची धूळ असते. पण ती दाढी लोखंडाची होती. आणि त्याच खिडक्या मी उघडून ठेवत होते.

तुझ्यावर चिडणं सोपं होतं. आता कुणावर चिडू?

तिला माझ्यापासून नेऊ नकोस. मी बंदोबस्त करते. नोटीस पाठवू नकोस, एवढंच मागते.

विदू

३१ मार्च
घाटाखाली

प्रणव,

तू पत्र वाचून त्याच दिवशी धारला आलास. चिऊच्या उशाशी बसलास. मग इथे येऊन दिवसभर खिडक्यांच्या फटी बुजवत बसलास. मावशी म्हणाली, "जावई बोलत नाही, पण हात चांगले आहेत." मी म्हटलं, त्या हातांशी संसार करायचा की माणसाशी? आता वाटतं, तसं म्हणायला नको होतं.

तू लावलेलं प्लास्टिक अजून टिकून आहे. चिऊची खाट मागच्या खोलीत हलवली. मी रोज ओल्या फडक्यानं पुसते, फडकं तिसऱ्या हाताला काळं होतं. शाळेत जाताना तिला तो चोचीचा मास्क लावते, मुलं तिला बदक म्हणतात. पण हॉटेलाला दार आहे, आणि दार बंद ठेवलं तर गिऱ्हाईक येणार कसं? ते उघडलं की सगळं आत. होळीनंतर तिला पुन्हा वाफ द्यावी लागली. तुला कळवलं नाही.

स्पीड ब्रेकर काढा, निदान वर घाटातच कुठे गाड्या थोपवा, असं सांगायला मी पंचायतीत गेले होते. तिथे पंक्चरवाल्याची बायको बसली होती, कसल्याशा सहीसाठी. तिनं सरकून मला जागा दिली. म्हणाली, "बेन, ये ब्रेकर पहले लग जाते तो म्हारो आदमी जिंदो रेतो." मी चहा घेतला आणि परत आले.

मावशीला म्हटलं, आपण दुसरीकडे जाऊ. ती म्हणाली, "मागे नाला, पुढे रस्ता. जाऊ कुठे? हे हॉटेल तुझ्या मावसाजींनी उभं केलंय." बोलता बोलता तिला ढास लागली, बराच वेळ थांबेना. तिला ही ढास गेल्या वर्षापासून आहे. मला वाटायचं, भट्टीची.

तर आता लिहायचं आहे ते लिहिते. चिऊला घेऊन जा. एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू होतं, देवासच्या शाळेत नाव घाल. तिला तिथे पंप लागत नाही, हे तिनं मला किती वेळा सांगितलं आणि मी ऐकलं नाही. वकिलाला सांग, जे लिहून हवं असेल त्यावर मी सही करते.

तिची खोली दुकानाच्या बाजूची नको, मागची दे. तू जे सुरू केलंयस ते तसंच ठेव; नवीन पोऱ्या कामावर आला आणि त्यानं सवयीनं हवा मारली, असं होऊ देऊ नकोस. संध्याकाळी तिला बायपासच्या सिग्नलवर फिरायला नेऊ नकोस, तिथेही गाड्या थांबतात. टेकडीवर ने.

तिला इथे भेटायला आणायचं नाही. मीच येत जाईन. बसमधून उतरल्यावर आधी अंगणातल्या नळावर जाईन, कपडे बदलीन, मगच तिला जवळ घेईन. तुला घातलेली अट आता मला पाळायची आहे. तुला हसायचं असेल तर हस. मला चालेल.

मला खोकला नाही. चिऊ सांगेल की आईपण खोकते. तिचं ऐकू नकोस, फोडणीत मिरची जास्त पडते एवढंच.

विदू

२७ मे

प्रणव,

मागच्या खेपेला तू मला बस स्टँडवर सोडायला आलास, आणि बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणालास, "वापस कब आएगी?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. चिऊ तुझ्या खांद्यावर बसून हात हलवत होती, तिचं पोट हसण्यानं हलत होतं आणि श्वासाचा आवाज येत नव्हता. मला तेवढंच बघत राहायचं होतं. तुझा प्रश्न नंतर घाट उतरताना आठवला.

मावशीला धारला नेलं होतं. येतच नव्हती, पाठ दुखते म्हणाली म्हणून नेता आलं. फोटो काढला. तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी तो उजेडात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. विचारलं, "आजी, कुठल्या कारखान्यात काम केलंत? एस्बेस्टसच्या पत्र्याच्या, सिमेंटच्या?"

मावशी म्हणाली, "आयुष्यभर चहा केला हो मी."

"कुठे?"

तिनं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उजव्या बाजूला पाणी आहे आणि त्याच्यामागे काहीतरी आहे, ते काय हे सुई घालून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, इंदूरला न्या म्हणाले. मी विचारलं, धुळीनं का? ते म्हणाले, कशानं हे छातीठोकपणे कुणीच सांगणार नाही. ब्रेकर तर दसऱ्याला बसले. पण घाटाखाली ती त्याआधी बावीस वर्षं बसली आहे, आणि ट्रक तेव्हाही ब्रेक दाबतच उतरत होते. जुन्या पट्ट्यांवर.

घरी आल्यावर मावशी गल्ल्यावर जाऊन बसली. दुपारची रांग लागली होती, दोन बाकं भरली होती. एक ट्रक दारात येऊन करकरत थांबला आणि तो वास आत आला. मावशीनं पदर नाकाला लावला. असं करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मग म्हणाली, "विदू, शटर ओढ."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मावसाजी गेले त्या दिवशीही तिनं हॉटेल बंद ठेवलं नव्हतं. मागे माणसं जमली होती आणि पुढे चहा चालू होता. मी म्हटलं, "गिऱ्हाईक बसलंय."

"त्यांना चहा दे. पैसे घेऊ नको. आणि ओढ."

ती माणसं चहा पिऊन उठली आणि मी ओढलं. आत अंधार झाला, उकडायला लागलं. बाहेर ट्रक थांबत होते, जात होते, शटर थरथरत होतं. मी विचारलं, "पुन्हा कधी उघडायचं?" ती म्हणाली, "मी सांगितलंय का उघडायला?"

त्याला आज तीन दिवस झाले. ड्रायव्हर लोक शटरवर थाप मारतात, "माई, चाय!" ती उत्तर देत नाही. तिनं भांडी बांधायला घेतली आहेत. ती कुठे जाणार, हे मी तिला विचारलं नाही, तिनंही मला विचारलं नाही. अण्णांना तू विचार. खालच्या मजल्याची, दुकानापासून लांबची एक खोली असेल तर. पायऱ्या तिला आता जमत नाहीत.

धारला माझाही फोटो काढला. त्याचं समोरासमोर सांगेन, पत्रात नाही.

ये. भूपेंद्र भियांची गाडी घेऊन ये, मावशीला आडवं होता येईल अशी. चिऊला आणू नकोस. सकाळी लवकर नीघ, तेव्हा घाटात गर्दी कमी असते. आणि उतरताना पुढे ट्रक असेल तर त्याच्या जवळ जाऊ नकोस, मागेच राहा. काचा वर करून घे.

विदू